बावीस अक्षरं

मे महिना. कुहीच्या पुढच्या तळ्यावर
सकाळी सातलाच ऊन अंगावर येतं.
सयत्राबाई पचारे, सोसायटीच्या सचिव,
कमरेइतक्या पाण्यात उभ्या, हातात रोहू.
मी कापसाने त्याच्या अंगावरचा चिकटा पुसला,
नळीत घातला, नळी बर्फात खोचली.
मासा सोडून दिला.
"बस, इतकंच? मले वाटलं आता कापता का काय."

रोहू दिसायला ठणठणीत होता.
खवले चकचकीत, कल्ले लाल,
पोटाखाली एकही ठिपका नाही.
मग काय शोधता, त्यांनी विचारलं.

काय सांगू?
की पेशीत लांबलचक निरोप फिरत असतात,
त्यांतून मासा घडतो, काटा, कातडी, डोळा,
आणि त्यांच्यात हा एक चिमुकला असतो, मायक्रो-आरएनए,
बावीस अक्षरांचा, कधी एकवीस, कधी तेवीस,
जो स्वतः काहीच घडवत नाही.
दुसऱ्याच्या निरोपाला दारातच अडवतो.
थांब म्हणतो. पुरे म्हणतो.
रोग शिरला की काहींची संख्या वाढते,
जखम फुटायच्या आधी,
मासा चारा सोडायच्या आधी.

मी एवढंच म्हटलं, "मासा आतून कुजबुजतो, बाई."
त्या हसल्या नाहीत.
"मले तं सकाऊनच समजते," म्हणाल्या,
"मासोई वर येऊन तोंड उघडते. पन तवापावतर
अर्धं तयं गेलं असते."

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमची खोली.
कूलरला वाळ्याचा वास, टेबलावर अर्धं संत्रं,
दुपारी लाइन गेली की फ्रीजर ओरडतो
आणि वाकुडकर सर जिन्यावरून पळत जनरेटरकडे.
मोठे निरोप अशा उकाड्यात विरघळतात.
हा टिकतो. लहान असण्याचा
एवढा एक फायदा मी इथेच पाहिला.

यंत्र दर फेरीला दुप्पट करत जातं.
निरोगी माशाची रेघ एकतिसाव्या फेरीला उठते.
कोपऱ्यातल्या चार रोहूंची
सव्विसाव्याला उठली.
पाच फेऱ्या म्हणजे बत्तीस पट.
मी दोनदा गुणाकार केला, कागदावर, पेन्सिलने.

पण तो रोगच कशावरून?
शेहेचाळीस अंशांत पाणी तापलेलं,
माशाच्या जिवाला ताप झाला तरीही
हीच बावीस अक्षरं वाढत असतील.
सर म्हणाले, अजून दहा नमुने घे, मग बोल.
मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"नक्की काय ते सांगता येत नाही, बाई. काहीतरी आहे."
पलीकडे थोडा वेळ फक्त पंपाचा आवाज.
मग, "काहीतरी म्हंजे पुष्कळ झालं."

संध्याकाळी त्यांनी जाळं टाकलं,
किलोच्या वरचे सगळे काढून बाजारात पाठवले,
उरलेल्यांना जागा झाली.
बांधावरून चुना फेकला, पंप रात्रभर चालवला,
दुकानदाराने दिलेली औषधाची बाटली
न उघडताच परत केली.

आणि काहीच झालं नाही.
जूनमध्ये नाही, पोळ्यापर्यंत नाही.
एकही मासा उताणा तरंगला नाही.

हे कसं लिहायचं अहवालात?
न आलेल्या रोगाचा फोटो काढता येत नाही.
कदाचित तो यायचाच नव्हता.
शेजारच्या तळ्याला आम्ही हातही लावला नव्हता,
तिथे सतरा मेले. सतराच.
सतरा हा पुरावा होत नाही, सर म्हणतात,
आणि सरांचं बरोबर आहे.

परवा सयत्राबाई स्वतः आल्या,
एसटीने, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन.
पडद्यावरच्या वाकड्या रेघा बघत राहिल्या.
"याच्यात माह्यं तयं कोन्तं?"
मी बोट ठेवलं. क-तीन.
"नाव नाई लिवलं?"

त्या गेल्यावर मी फाइल उघडली,
क-तीन खोडलं,
आणि तळ्याचं नाव लिहिताना लक्षात आलं,
ते मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.